पांदणीतला चिकट गारा आणि जाम होणारं चाक: मोटरसायकलची तपासणी, सोप्याकडून अवघडाकडे

पेरणी झाली की वावराकडची फेरी थांबत नाही, आणि पांदण रस्ता तर काळ्या मातीचा. १०० ते १२५ सीसीच्या साध्या मोटरसायकलला मग दरवर्षी तोच रोग होतो. चाकावर ही चिकट माती, म्हणजे गारा, चढते, मडगार्डात दाटते, गाडी उभी राहते. साफ केली की चालते, दोनशे पावलांवर पुन्हा उभी. इथं फक्त ह्याच बिघाडाचं बोलू. ट्रॅक्टरच्या चाकाला गारा चढण्याचं प्रकरण वेगळं.

लक्षणं

पुढचं चाक फिरत नाही, नुसतं घसरतं. हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते.

मागचं चाक जड होतं. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र मुंगीच्या चालीनं सरकते. थोड्या वेळानं जळका वास येतो.

टायर मडगार्डाला घासल्याची एकसारखी चरचर ऐकू येते. टायरच्या कडेला घासून चकाकलेला पट्टा दिसतो.

डांबरी रस्त्यावर आल्यावर चाळीसच्या पुढे हँडल थरथरतं. हे पाहून लोक लगेच बेअरिंग गेलं म्हणतात. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की रिंगच्या आत, आरांच्या मुळाशी, एकाच बाजूला ढेकूळ वाळून बसलेलं असतं आणि चाकाचा तोल जातो.

गाडी ओढत नाही, ब्रेक अर्धा लागलेला वाटतो, चेन कटकट करते, इंजिन नेहमीपेक्षा लवकर तापतं. गारा धुऊन दोन दिवस झाले तरी ही लक्षणं राहिली, तर माती अजून कुठंतरी आत आहे.

माती कधी चिकटते

आपली काळी माती बेसाल्ट खडकाची. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आटली की भेगा पडतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीवाल्याच्या कामाचा मुद्दा असा की ती सगळ्यात जास्त चिकटते ती भर पावसात नाही. धो-धो पाऊस चालू असताना पांदणीत राब, म्हणजे पाणचट चिखल, असतो. तो पातळ, चाकावरून वाहून जातो. खरा ताप पाऊस उघडल्यावर, ऊन पडून वापसा यायच्या, म्हणजे माती मोकळी होऊन कामाजोगी व्हायच्या, आधीच्या दिवसांत होतो. तेव्हा माती कणकेसारखी असते, दाबली की चिकटते आणि स्वतःच्याच थरावर थर धरते. त्यात गवत, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या, धुऱ्यावरचा (बांधावरचा) काडीकचरा मिसळला की भिंतीला लिंपायच्या गाऱ्यासारखा पक्का गोळा होतो. म्हणून “आज पाऊस नाही, गाडी घेऊन जाऊ” हा हिशेब बहुधा उलटा पडतो. आकाश बघू नका, चपलेकडे बघा. चार पावलांत चपलेला बोटभर थर चढला, तर मडगार्डातही चढणार.

बरड, मुरमाड वावरात हा त्रास जवळपास नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या खोल काळ्या पट्ट्यात तो सर्वात जास्त.

जागच्या जागी: पहिली पाच मिनिटं

इंजिन बंद करा. गाडी अडल्यावर अर्धा क्लच धरून ॲक्सिलरेटर पिळत राहणं, ह्या एका सवयीनं जेवढ्या क्लच प्लेटा जळतात तेवढ्या मातीनं जळत नाहीत. चाक मातीनं धरलेलं, इंजिन जोर लावतंय, मधल्या प्लेटा घसरतात आणि घर्षणाची उष्णता त्यांनाच जाळते. गाडी उभी असल्यामुळे इंजिनच्या पाकळ्यांना (फिन्सना) वारासुद्धा नसतो.

न्यूट्रल करा आणि गाडी आधी मागं ढकला, अर्धा-एक फेरा. चाक पुढं फिरताना माती मडगार्डाच्या मागच्या खालच्या तोंडातून वर चढते आणि शॉकॲब्सॉर्बरच्या दोन नळ्यांमध्ये, जिथं जागा सर्वात अरुंद, तिथं पाचरीसारखी बसते. पुढं रेटलं की पाचर आणखी घट्ट होते. मागं फिरवलं की ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं ती सैल होऊन उतरते. मागच्या चाकाची अडायची जागा वेगळी. तिथं माती वरून फिरून पुढच्या बाजूला, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांडीच्या) आडव्या नळीपाशी दाबली जाते. ही जागा मागून दिसत नाही, म्हणून लोक मडगार्ड खरवडतात आणि खरा गोळा तसाच राहतो. “साफ केली तरी पुन्हा जाम” ह्या तक्रारीत आधी इथं हात घाला.

खरवडायला बांबूची कामटी सर्वात चांगली, दीड इंच रुंद, फूटभर लांब, टोक गोल केलेलं. जाड पऱ्हाटी किंवा तुराटीही चालते. विळा, खुरपं, हॅक्सॉ ब्लेड नको. टायरची बाजू कापली जाते, ब्रेकची वायर आणि मीटरची केबल सोलते. सोबत दोन लिटर पाण्याची बाटली ठेवा, पण पाणी आधी ओतू नका. कोरडं खरवडून झाल्यावर उरलेल्या थरावर टाका. आधी ओतलं तर गोळा वरून निसरडा होतो, आतून तसाच घट्ट राहतो, आणि कामटी नुसती घसरते.

घरी आल्यावर: फुकटच्या तपासण्या

गाडी मोठ्या स्टँडवर लावा. जमीन ओली असेल तर स्टँडखाली फळी किंवा फरशी द्या. आता दोन्ही चाकं एकेक करून हातानं फिरवा. मागचं चाक न्यूट्रलमध्ये ढकलल्यावर दोन-तीन फेरे तरी सहज फिरलं पाहिजे. लगेच थांबलं, तर कारण शोधायचा क्रम असा.

ब्रेक. मागच्या ब्रेकच्या रॉडवरचा नट, बहुतेक गाड्यांत १४ नंबरचा, पाच-सहा आटे सैल करा आणि चाक पुन्हा फिरवा. आता मोकळं फिरलं तर दोष ब्रेकचा. एक तर पेडलला ढील नव्हती, किंवा ड्रमवरची दांडी मातीनं आणि गंजानं अडकून परत येत नाही. पेडल दाबून सोडा आणि दांडीकडे बघा. झटक्यात परत आली पाहिजे. हळू येत असेल तर तिच्या मुळाशी माती आहे. ती काढून तिथं तेलाचे दोनच थेंब द्या. जास्त दिलं तर तेल आत लायनरवर (ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तरावर) जातं आणि ब्रेक लागणंच बंद होतं. शेवटी नट असा कसा की पेडल २० ते ३० मिलिमीटर मोकळं जाईल आणि मग ब्रेक धरेल.

नट सैल करूनही चाक जडच, तर चेन. चेन कव्हरच्या खालच्या बाजूचं रबरी बूच काढा आणि बोटानं चेन वर-खाली करून बघा. २० ते ३० मिलिमीटर ढील हवी. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा. एका जागी ढिली, एका जागी ताठ असेल तर कड्या मातीनं आखडल्या आहेत. बंद चेन कव्हरचा फायदा मोठा, पण एकदा आत गारा गेला की तो बाहेर यायला वाट नसते. चेनवरच्या तेलात कालवून त्याचा कानसीसारखा लेप होतो. कव्हर उघडून चेन केरोसीननं ब्रश मारून धुवा, पुसा, कोरडी झाल्यावर ९० नंबरचं तेल द्या. ग्रीस थापू नका. ग्रीस माती धरतं. आणि हे सगळं इंजिन बंद ठेवून, चाक हातानं फिरवत. गिअरमध्ये टाकून चेन साफ करण्यात बोटं जातात.

ब्रेक मोकळा, चेन बरोबर, तरी चाक जड किंवा घरघरतं. मग बेअरिंग. ते पुढं येईल.

मडगार्डातली फट

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये वरून दोन बोटं सहज गेली पाहिजेत, म्हणजे साधारण तीन सेंटीमीटर. चाक पूर्ण फेरा फिरवत बघा. एका जागी फट कमी होत असेल तर रिंग वाकडी आहे किंवा आरे सैल आहेत.

फट कमी व्हायची तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. पहिलं, वाळलेली माती. मागच्या फेरीतला अर्धा इंच थर आत सुकून सिमेंट झालेला असतो. वरून धुतलं की गाडी चकाचक दिसते, आत मात्र नव्या गाऱ्याला धरायला खडबडीत पाया तयार. मडगार्डाखाली उताणी मान करून किंवा मोबाईलचा टॉर्च लावून बघितल्याशिवाय हे कळत नाही. दुसरं, जाड टायर. मूळ २.७५ इंचाच्या जागी ओझ्यासाठी ३.०० इंचाचा टायर बसवला की वर सुमारे सहा आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जागा जाते. ऐकायला कमी वाटतं, पण स्विंगआर्मपाशी मुळातच जागा कमी असते. पावसाळ्यात मूळ मापाचाच टायर ठेवा. तिसरं, वाकलेला मडगार्ड. कुठंतरी टेकवून पत्रा आत गेलेला असतो, उन्हाळ्यात त्याचा त्रास नसतो, म्हणून लक्षात राहत नाही.

पत्र्याचा मडगार्ड आतून गंजला असेल तर माती जास्त धरतो. घासून, रेड ऑक्साइड मारून, वर साधा ऑइल पेंट दिला की गुळगुळीत होतो आणि थर लवकर सुटतो. जळकं इंजिन ऑइल फासायची पद्धत गावोगावी आहे. चेसिसच्या खालच्या बाजूला ठीक आहे. मडगार्डाच्या आत, टायरच्या डोक्यावर ते फासणं मात्र वेडेपणा आहे. तेल टायरवर आणि ड्रमवर उतरतं, आणि गाडी घसरते ती चिखलात नाही, डांबरी रस्त्याच्या वळणावर.

पुढचा मडगार्ड वर उचलायचा की काढायचा

बरेच जण हंगामापुरता पुढचा मडगार्ड काढूनच ठेवतात. जाम होणं थांबतं हे खरं. पण मग सगळा गारा तोंडावर, दिव्यावर आणि थेट इंजिनच्या पाकळ्यांवर उडतो. शिवाय अनेक गाड्यांत मडगार्डाची लोखंडी कमान दोन्ही शॉकॲब्सॉर्बर एकमेकांना बांधून ठेवते. ती काढली की खड्ड्यात पुढचं चाक पिळवटतं. काढण्यापेक्षा उचलणं बरं.

मडगार्ड आणि त्याच्या पट्टीमध्ये १५ ते २० मिलिमीटरचे बुश टाका, बोल्ट तेवढेच लांब घ्या, प्रत्येकाखाली स्प्रिंग वॉशर द्या. घट्ट करायच्या आधी एक गोष्ट चुकवू नका: पुढचा ब्रेक दाबून, हँडलवर सगळं वजन टाकून शॉकॲब्सॉर्बर पूर्ण खाली दाबा. मडगार्ड चाकाबरोबर वर येतो. उचललेला मडगार्ड वरच्या ब्रॅकेटला, हॉर्नला किंवा दिव्याच्या खालच्या भागाला लागत असेल तर बुश कमी करा. नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मडगार्ड फुटेल आणि तुकडा चाकात जाईल. ब्रेक वायर आणि मीटर केबल ताणत नाही ना, तेही हँडल दोन्हीकडे वळवून बघा.

मागं लोंबणारं रबर आणि साडी गार्ड हेही गारा साठवणारे कोपरे आहेत. रबर जमिनीपासून वीतभर वर कापून घ्या. साडी गार्ड मात्र मागं बाई बसत असेल तर काढू नका, खरवडत जा.

इंजिनच्या पाकळ्या आणि हवेची वाट

ही इंजिनं वाऱ्यावर थंड होतात. पाकळ्यांमध्ये माती भरली म्हणजे गोधडी पांघरल्यासारखं झालं. प्लगच्या भोवतीचा खड्डा आणि पुढच्या बाजूच्या खालच्या पाकळ्या आधी भरतात. इंजिन थंड झाल्यावर, निदान अर्ध्या तासानं, पातळ कामटीनं एकेक फट मोकळी करा. तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नका: वाफेनं हात भाजतो. प्लग काढायचा असेल तर त्याच्या भोवतीची माती आधी फुंकून, ब्रशनं काढा. नाहीतर तो खडा सिलिंडरमध्ये पडतो आणि फुकटातलं काम इंजिन खोलण्यावर जातं.

सायलेन्सरच्या तोंडात गारा बसून गाडी सुरू न होणं हे इतकं साधं आहे की शेवटी आठवतं. आधी तिथं काडी घाला.

एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी एक छोटी नळी असते. ती मातीनं बंद झाली की डब्यात पाणी साचतं आणि गाडी दचके देते. नळी दाबून मोकळी करा. फिल्टर स्पंजचा असेल तर केरोसीनमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलमध्ये बुडवून पिळून बसवा. कागदी, तेलकट फिल्टर धुवायचा नसतो. तो खराब झाला की बदलायचा.

धुताना प्रेशरची धार बेअरिंग, मीटर, स्विचेस आणि ड्रमच्या फटीवर थेट मारू नका. खारपाणपट्ट्यात आणखी एक काळजी: बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुऊन तसंच वाळवलं की चेन, आरे आणि वायरचे जोड गंजतात. शेवटची बादली तरी पावसाच्या साठवलेल्या किंवा नळाच्या गोड पाण्याची घ्या. धुतल्यावर गाडी शंभर पावलं चालवून ब्रेक तीन-चारदा हलके दाबा. ड्रममधलं पाणी निघून जातं.

थोडी हत्यारं लागणारी कामं

डाव्या बाजूचं पुढच्या दातेरी चक्राचं झाकण. इथं माती आणि चेनचं तेल मिळून काळी ढेप बनते. ढेप झाकणाला आणि चेनला दोन्हीकडून दाबते, चेन ओढून धरते, आणि ढील बरोबर असूनही गाडी जड चालते. गिअरचा पाय बहुतेक गाड्यांत १० नंबरच्या बोल्टनं बसवलेला असतो. काढायच्या आधी दांड्यावर आणि पायावर खडूनं सरळ रेघ मारा, म्हणजे त्याच जागी बसेल. बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, नुसता सैल करून पाय निघत नाही. झाकण काढून ढेप कामटीनं उकरा. तिथून जाणारी न्यूट्रलची वायर ओढली जाऊ देऊ नका. दात एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील तर पुढचं चक्र, मागचं चक्र आणि चेन तिन्ही एकत्र बदला. एकटी नवी चेन जुन्या दातांवर लवकर जाते.

मागचं चाक उतरवून ड्रम साफ करणं हे ज्याला सवय आहे त्यानंच करावं. चाक परत बसवताना चेन ॲडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा आणि ब्रेक प्लेटला धरणारी टॉर्क पट्टी, तिचा नट आणि त्याची पिन विसरू नका. ही पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच आतली प्लेट फिरते आणि चाक जागच्या जागी अडकते. लायनरवर साठलेली भुकटी फुंकू नका. ओल्या फडक्यानं पुसा.

टायरची हवा कमी करून चिखलातून जायची युक्ती आरांच्या रिंगवर करू नका. ट्यूब रिंगवर सरकते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, तोही नेमका गावापासून लांब.

इथं थांबा, मिस्त्रीकडे न्या

पक्क्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर उघडला, इंजिनचा आवाज चढला पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. आधी क्लचच्या दांडीला टोकाशी १० ते १५ मिलिमीटर ढील आहे का बघा. ढील असूनही घसरत असेल, ऑइल काळं आणि जळक्या वासाचं निघालं असेल, तर प्लेटा गेल्या. त्या घरी बदलू नका. ऑइलही त्याच वेळी बदलून घ्या, कारण प्लेटांचा चुरा त्यात उतरलेला असतो.

चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखड हलतं, किंवा फिरवताना घरघरतं: बेअरिंग. त्यात गारा गेला की ग्रीस भरून काही होत नाही.

ब्रेकच्या दांडीवरचा बाण प्लेटवरच्या खुणेला टेकला, किंवा नट संपेपर्यंत कसूनही ब्रेक धरत नाही: लायनर संपले. ही गाडी चालवत तालुक्याला नेऊ नका, टेम्पोत टाका.

डिस्क ब्रेकमध्ये माती अडकून चाक धरलं असेल तर बाहेरून पाण्यानं धुण्यापलीकडे हात लावू नका. तिथं तेल, केरोसीन काहीही चालत नाही.

शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ, तीन-चारपेक्षा जास्त सैल आरे, वाकलेली रिंग, हीसुद्धा मिस्त्रीचीच कामं.

आणि किकच खाली जात नसेल तर ढकलून, उतारावर सोडून किंवा दोर बांधून सुरू करायचा प्रयत्न करू नका. चाक मातीनं धरलेलं असताना तापवलेलं इंजिन आत चिकटलेलं असू शकतं, आणि जबरदस्तीनं फिरवलं तर पिस्टनबरोबर सिलिंडरही खरवडून निघतो. गाडी नेल्यावर मिस्त्रीला सांगा की गाडी गाऱ्यात अडली होती, किती वेळ क्लच धरून ओढली, वास आला होता का आणि आधी चाक थांबलं की आधी इंजिन. एवढं कळलं तर तो आधी कुठलं झाकण उघडायचं ते ठरवू शकतो.